नडीनच्या खिडकीतली बाटली

१

सप्टेंबर लागला की आमच्या घरात कॉफीच्या आधी साखरेचं पातेलं चढतं. चार भाग पाणी, एक भाग साखर, उकळी आली की गॅस बंद. लाल रंग टाकायचा नाही, मध टाकायचा नाही. काही दीडशहाणे दुकानातून रंगीत पुड्या आणतात, त्यांचं ते जाणोत. गार झालं की बाटलीत भरायचं, तोंडाला लाल प्लॅस्टिकच्या फुलांची थाळी पिळून बसवायची आणि बाटली उलटी करून टांगायची. अशा बारा बाटल्या. नऊ मागच्या अंगणातल्या ओकच्या फांद्यांना, दोन पडवीला आणि एक आतल्या खोलीच्या खिडकीसमोर, लोखंडी आकड्याला.

हे सगळं खूळ माझ्या बायकोचं, नडीनचं. मी सहावीत शाळा सोडून बापाच्या कोळंबीच्या बोटीवर चढलो तो गुडघे गेले तेव्हाच उतरलो. माझ्या लेखी पक्षी म्हणजे जाळ्यावर हगणारे. पण ही हमिंगबर्ड निराळी जात. अंगठ्याएवढं पाखरू, वजन एका सेंटच्या नाण्याएवढं, आणि माज बैलाचा. उत्तरेकडून येतात, आमच्या टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन-तीन आठवडे साखरपाणी ढोसून दुप्पट फुगतात, आणि एके दिवशी आखातावर झेपावतात. पलीकडे मेक्सिको लागेपर्यंत टेकायला काडी नाही. तोवर आमच्या अंगणात नुसती हाणामारी. एक पीत असलं की दुसरं वरून भर्रकन येऊन त्याला हुसकणार. बाटलीला भोकं आठ, पण आठ जणांनी शेजारी बसून प्यायचं, हे त्यांच्या रक्तातच नाही.

यंदा नडीन अंथरुणाला खिळलेली. हृदय थकलंय, पाणी भरतंय. डॉक्टर बाहेर अंगणात येऊन मला म्हणाला, नाताळ दिसणार नाही. मी तिचा पलंग आतल्या खोलीत खिडकीला लावला. तिथून ती दिवसभर पाखरं बघायची आणि माझ्यावर ओरडायची.

"हॉलिस, तिसरी रिकामी झाली! कोळंब्यांना काय पाजत होतास रे, हवा?"

"येतोय गं. दोनच हात आहेत."

"आणि दोन्ही डावे."

मूलबाळ आम्हाला नाही. बावन्न वर्षं ती आणि मी. घरात दुसरा आवाज नाही.

२

माझी आई म्हणायची, ऑक्टोबर अर्धा झाला की बाटल्या उतरवायच्या. भरलेली बाटली दिसत राहिली तर पाखरू जायचं विसरतं, आणि मग थंडीनं मरतं. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात. एक वेंडल सोडून. वेंडल माझा कुंपणापलीकडचा शेजारी, निवृत्त पोस्टमन. तो पाखरांच्या पायात नंबराची कडी घालणाऱ्या मंडळींत जातो, म्हणून त्याला सगळं कळतं.

"तुझ्या आईनं तुला काहीही सांगितलं," तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणायचा. "दिवस लहान झाला की पाखराच्या आतूनच टोचणी लागते. तू अंगणात साखरेचं तळं केलंस तरी ते थांबणार नाही."

"तुझं पत्र कधी वेळेवर आलं नाही, तू मला वेळा सांगू नकोस."

नडीनही उतरवायची. दरवर्षी स्वतः, एकेक बाटली गरम पाण्यानं धुऊन. यंदा सप्टेंबरातच तिनं मला जवळ बसवून सांगितलं.

"पाखरं गेली की सगळ्या उतरवायच्या. ही खिडकीतलीसुद्धा."

"बरं."

"बरं नाही. हो म्हण. ती गेली की मी पण निघेन म्हणते. मध्येच लोंबकळत नाही राहायचं मला."

"हो," म्हणालो. काय करणार? म्हणालो.

ऑक्टोबरच्या सतरा तारखेला उत्तरेचा गार वारा सुटला. एका रात्रीत हवा बदलली. सकाळी अंगण रिकामं. फक्त खिडकीसमोरच्या बाटलीला एक पाखरू पायानं धरून उलटं लटकलेलं, मान मुरडून चोच वर, पिसं फुगलेली, लाकडासारखं ताठ. मेलं म्हणून काढायला गेलो तर आतून नडीननं काचेवर टकटक केलं.

"हात लावू नकोस! थंडीत ती अशीच विझतात. ऊन लागू दे."

थांबलो. ऊन काचेवर आलं, तशी पिसं थरथरली. वीसेक मिनिटं नुसतं थरथरणं. मग डोळा उघडला, आणि माझ्या नाकासमोरून ते दक्षिणेला गेलं. शेवटचं.

त्या दिवशी मी अकरा बाटल्या उतरवल्या. धुतल्या, पुसल्या, फळीवर ठेवल्या. बारावी ठेवली.

नडीन खिडकीतून बघत होती. "ती पण, हॉलिस."

"उद्या," म्हणालो. "मागं राहिलेलं एखादं येईल."

वेंडलनं विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं. आई म्हणायची ते खरं असेल तर बाटली भरलेली असेपर्यंत कुणी जायचं नाही. म्हाताऱ्या माणसानं असा विचार करणं वेडेपणाचं आहे. मी केला.

३

तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बाटलीतलं पाणी उतरतंय.

दिवसाला बोटभर. अंगणात एक पाखरू नाही आणि पाणी बोटभर खाली. मुंग्या म्हणाव्यात तर आकड्याला मी वंगण फासलेलं. रॅकूनसारखं चोरटं जनावर रात्री चढलं म्हणावं तर रात्री बाटली मी आत घेऊन ठेवली, तेव्हा काही उतरलं नाही. दिवसाच उतरतं. उन्हानं बाटलीतली हवा फुगते आणि थेंब गळतात, हे मलाही माहीत आहे, म्हणून खाली पांढरी ताटली ठेवली. संध्याकाळी ताटली कोरडी.

मग खुर्ची टाकून बसलो. सकाळी सातपासून, कॉफीचा थर्मास घेऊन. जाळं टाकून तास तास बघत बसायची सवय आहे मला, डोळा चुकत नाही.

पाखरू पितं तेव्हा बाटलीत खालून एक बुडबुडा सुटतो आणि वर जातो. दहाच्या सुमारास बुडबुडा सुटला. बाटलीपाशी कोणी नव्हतं. थोड्या वेळानं दुसरा. मग तिसरा. बाटली हलली नाही, आकडा हलला नाही.

वेंडल कुंपणावरून डोकावला. "काय रे, बाटली पळून जाईल म्हणून राखण करतोस?"

"ये इकडे. बस आणि गप बघ."

तो बसला. आम्ही दोघं म्हातारे उलट्या बाटलीकडे बघत बसलो. बुडबुडा सुटला.

"हवा तापते," वेंडल म्हणाला.

"ताटली कोरडी आहे."

त्यानं वाकून ताटलीला बोट लावलं, बोट चाटलं. गोड नव्हतं. मग मान तिरपी करून ऐकत राहिला.

"आहे लेका एक. ऐक. पंखांचा आवाज."

मीही ऐकला. तो बारीक घूंघूं आवाज, एकदा कानात बसला की विसरत नाही. पण पाखराचा येतो आणि जातो. हा एकसारखा चालला होता, थांबत नव्हता.

"कुठं आहे?" मी म्हणालो.

वेंडल झाडांकडे बघत होता. मग हळूहळू त्यानं मान वळवली, खिडकीकडे.

"घरात शिरलंय बघ एखादं," तो म्हणाला, आणि उठून गेला. त्याचा कॉफीचा कप अर्धा भरलेला.

४

खोलीत पाखरू नव्हतं. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागं पाहिलं, दिव्याची काच उतरवून पाहिली. आवाज दार उघडताच बंद झाला. फ्रिजचा असेल म्हटलं. जुना झालाय.

आणि नडीन बरी दिसायला लागली. हे आधी सांगायला हवं होतं. उशी टेकून आपली आपण बसायची. गालावर रंग. पायांची सूज उतरली. मी मनात म्हटलं, आईचं खरं होतं.

फक्त जेवेना. मक्याची लापशी केली, तशीच राहिली. मासा तळला, वास नको म्हणाली. एकदा स्वयंपाकघरातून परत आलो तर पलंगाजवळच्या ग्लासात मी बाटलीसाठी केलेलं साखरपाणी. तिला उठवत नाही, ग्लास तिथं गेला कसा, मी विचारलं नाही. ती घोट घ्यायची, थांबायची, घोट घ्यायची.

ग्रिसेल्डा मंगळवारी आणि शुक्रवारी येते. नर्स आहे, ब्राउन्सव्हिलची, दंडाला जोर, तोंडाला त्याहून जास्त. तिला नडीन आवडायची.

"काय मिस नडीन, आज तर नाचायला निघालात!"

"याच्याबरोबर? हा पाय तुडवतो."

ग्रिसेल्डा हसत हसत मनगट धरून घड्याळात बघायला लागली. हसू राहिलं तोंडावर, पण डोळे थांबले. पुन्हा धरलं. मग बोटाला लावायचं यंत्र काढलं. त्याच्यावर नुसत्या रेघा आल्या.

"मिस्टर हॉलिस, बॅटरी असेल का घरात? याची गेलेली दिसते."

बॅटरी बदलली. रेघा. मग तिनं कानात नळी घातली आणि नडीनच्या छातीला लावली. लावली आणि लगेच कानातून उपटली, कोणी कानात ओरडल्यासारखी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. नळी खराब आहे. शुक्रवारी दुसरी आणते."

चादर बदलायला तिला नेहमी माझी मदत लागायची. त्या दिवशी तिनं नडीनला एका हातानं उचललं. उचललं, आणि तिथंच थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

"जेवतायत ना त्या?" तिनं हळूच विचारलं.

"जेवते," मी खोटं बोललो.

५

पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा ते झालं.

सकाळी सहाला मी कॉफी घेऊन आत गेलो. उजाडत होतं, गारठा होता. नडीन उताणी, हनुवटी छताकडे, तोंड किंचित उघडं. हात लावला तर बर्फातला मासा. नाकापाशी बोट धरलं, वारा नाही. छातीवर कान ठेवला, काही नाही. मी आयुष्यात तीन माणसं पाण्यातून मेलेली काढलीत, मला शिकवायला कुणी नको. नडीन गेली होती.

फोन करायला हवा होता. केला नाही. खुर्ची ओढून बसलो आणि रडलो. लाज वाटेल असा रडलो.

साडेसातला ऊन काचेवर आलं, तिथून चादरीवर, तिथून तिच्या हातावर. बोटं थरथरली. मग कोपर. मग सगळं अंग, पलंग कुरकुरण्याइतकं. वीसेक मिनिटं. मी खुर्चीला धरून बसलो होतो. मग डोळा उघडला.

"कॉफी गार केलीस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मनाला काय हवं ते सांगता येतं. गोळ्यांची गुंगी, रक्त पातळ झालेलं, गारठा, माझे कान. वयाच्या ऐंशीला कानावर विश्वास कोण ठेवतो. चौथ्या दिवशी मी खुर्चीत बसून तिची कॉफी प्यायलो आणि उन्हाची वाट बघितली. पाचव्या दिवशी सोबत पाव नेला.

६

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, हॅलोविनच्या दुपारी तिनं मला हाक मारली. माझ्या नावानं मारलेली ती शेवटची. रस्त्यावर पोरं सोंगं काढून हिंडत होती, त्यांचा कलकलाट येत होता.

"हॉलिस, ती बाटली उतरव."

"बरी होतेयस तू."

"मी बरी होत नाहीये, गाढवा. मला थांबता येत नाहीये." ती भरभर बोलत होती, शब्दावर शब्द चढत होता. "आत काहीतरी चालू आहे ते थांबतच नाही. डोळा मिटला तरी चालूच. सकाळी विझते तेवढाच आराम, आणि मग ते ऊन येतं. तुला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

"मग उतरव. तू हो म्हणाला होतास."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाटली निम्मी झाली होती. बुडबुडा सुटला. त्याच क्षणी तिच्या गळ्यातून घोट उतरला. ग्लास टेबलावर होता, रिकामा. तिच्या हातात काही नव्हतं.

"तू गेलीस तर या घरात मी काय करू?" मी म्हणालो. मला असं बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तेवढा वेळ ती नडीन होती, माझी, सगळीच्या सगळी.

"भांडी घासायला शीक," ती म्हणाली. "उतरव, राजा. आज."

"उद्या," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात गेलो आणि पातेलं चढवलं. त्या दिवशी चार भाग पाण्याला मी दोन भाग साखर टाकली. चुकून नाही. मोजून टाकली.

७

त्यानंतर ती बोलायची बंद झाली.

पलंगाला डोक्याकडची बाजू अशी राहिलीच नाही. मी तिला सरळ निजवायचो, तासाभरानं बघावं तर तिरकी, तोंड दक्षिणेला, आखाताकडे. चादरीला सुरकुती नाही. मी पुन्हा सरळ करायचो. उचलायला कष्ट नव्हतेच. ओल्या चादरीपेक्षाही ती हलकी लागायची.

डोळे उघडे असायचे, पण माझ्यावर टिकायचे नाहीत. मी दारातून आत आलो की मान झटकन वळायची, खाडकन, आणि तितक्याच झटकन परत. हाताकडे बघायची माझ्या. हातात काय आहे ते. आणि आवाज. आता दार उघडलं तरी थांबत नव्हता. टेबलावरचा ग्लास त्यानं बारीक किणकिणायचा.

मधल्या फेऱ्यांना मी ग्रिसेल्डाला पडवीतूनच परतवलं होतं. त्या शुक्रवारी ती ऐकेना. दारातच थांबली. खोलीत आली तेव्हा पिशवी पोटाशी घट्ट धरलेली.

"मिस नडीन?"

मान वळली, खाडकन. ग्रिसेल्डाच्या नखांना लाल पॉलिश होतं. नडीन त्या नखांकडे बघत राहिली, आणि पलंगावरून जराशी पुढं झाली. उठली नाही. पुढं झाली.

ग्रिसेल्डानं हात मागं घेतले आणि पाठीमागं लपवले.

पडवीत येऊन ती मला म्हणाली, "मी नऊ वर्षं मरणाऱ्या माणसांत काम करतेय, मिस्टर हॉलिस. मला मरणाची भीती नाही वाटत."

"मग?"

"हे मरण नाहीये." तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. "तुम्ही काय करताय ते मला माहीत नाही. सोमवारी मी डॉक्टरना घेऊन येते. ते त्यांना दवाखान्यात नेतील, नळ्या लावतील, तपासतील. किंवा त्याआधी तुम्ही त्यांना जाऊ द्या. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

सगळ्यांना वाटतं मला कळतं. कळतंच होतं.

दवाखान्यात नडीनला टोचतील, उघडी करतील, दहा पोरं भोवती उभी राहून वह्यांत लिहितील. ती मला जन्मात माफ करणार नाही. दोन दिवस मी विचार केला. रविवारी ठरवलं.

८

रविवारी दुपारी, चर्चमधून गाड्या परतायच्या वेळेला, मी अंगणात गेलो. ऊन लख्ख. वेंडलच्या घरचा पडदा हलला, पण तो बाहेर आला नाही. आठवडाभर आला नव्हता.

मुद्दाम तिच्या खोलीतून गेलो नाही. तोंड बघितलं असतं तर हात उचलला नसता. घराला वळसा घालून खिडकीशी आलो. काचेकडे पाठ करून बाटलीला हात घातला आणि आकड्यावरून काढली. एवढंच. बावन्न वर्षांचा संसार आणि एवढीशी बाटली, चार बोटं पाणी.

आवाज थांबला.

इतक्या दिवसांत तो थांबला की कसं वाटतं हे विसरलो होतो. लांब बंदरात बोटींच्या दोऱ्या वाजत होत्या त्या ऐकू आल्या. मी म्हटलं, झालं. सुटली. डोळ्यांत पाणी आलं, आणि हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आता आत जाऊन तिचा हात धरायचा, गार होईपर्यंत बसायचं, मग फोन करायचा.

म्हणून मी वळलो आणि काचेतून आत पाहिलं.

काचेवर ऊन होतं. माझंच तोंड, मागं झाडं, आणि त्याच्या आत खोली. डोळ्यांवर हात धरला तेव्हा पलंग दिसला. नडीनची गोधडी तिच्यावर होती, पण गोधडीच्या कडा खाली लोंबत होत्या, आणि त्यांच्या खाली गादी दिसत होती. मधे जागा होती. वीतभर. त्या जागेतून पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो दिसत होता.

तिच्या दोन्ही बाजूंना, जिथं हात असायला हवेत, तिथं काही नव्हतं. म्हणजे होतं. हवा गढूळ होती. तापलेल्या डांबरावर दिसते तशी.

पडदे आतल्या बाजूला ओढले जात होते. खिडकी बंद होती.

आणि मग ती पलंगावर नव्हती.

चालत आली नाही. पलंगावर होती आणि काचेपाशी होती, मधलं काही नाही. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर नडीनचं तोंड. तिच्या गालावरचा, माझ्या बोटीचा आकडा लागून झालेला जुना व्रण, तिच्या भुवया. डोळे काळेभोर, काठोकाठ, पांढरं कुठं नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होते. बाटली मी डावीकडे नेली, तोंड डावीकडे सरकलं. उजवीकडे नेली, उजवीकडे. मान हलली नाही, सगळं अंगच सरकलं, एका उंचीवर, धाग्याला बांधल्यासारखं.

ओठ उघडले. आत जे हललं ते मी नीट पाहिलं नाही. बारीक होतं, लांब होतं, आणि काचेला आतून लागलं. टिक्. टिक्. टिक्.

मला वाटतं मी तिच्या नावानं हाक मारली. नावाला काहीच झालं नाही त्या तोंडावर. बोटीच्या लंगराला हाक मारावी तसं.

तेव्हा मला समजलं की नडीन आणि ही अशा दोघी आहेत, मी हिलाच मारू शकतो, आणि नडीन आधीच गेलीय. कदाचित सतराला, उत्तरेचा वारा सुटला तेव्हा. कदाचित हॅलोविनच्या दुपारी, मी उद्या म्हणालो तेव्हा. हातातली बाटली जमिनीवर आपटायची, एवढंच काम होतं. मी सत्तर किलोचं जाळं एका हातानं ओढलेला माणूस.

पण तोंड तिचं होतं हो. व्रण तिचा होता.

मी बाटली पुन्हा आकड्याला अडकवली.

९

सोमवारी ग्रिसेल्डा आणि डॉक्टर आले. मी दार बोटभर उघडलं आणि सांगितलं, बायकोला तिच्या बहिणीकडे लरेडोला पोचवलंय. माझ्या जबाबदारीवर तिला हलवलं असा कागद डॉक्टरनं पुढं केला, मी सही केली. तो गाडीकडे गेला. ग्रिसेल्डा पायरीवर उभी राहिली. आवाज तिला ऐकू येत होता, मला तिच्या मानेवरून कळलं.

"त्यांना बहीण नव्हती, मिस्टर हॉलिस," ती म्हणाली. पायऱ्या उतरून गेली. पुन्हा आली नाही.

वेंडलनं त्याच्या बाजूनं कुंपणाला फळ्या मारल्यात, उंच.

आता जानेवारी चाललाय. सकाळी सहाला मी आत जातो, ती विझलेली असते. तेवढ्या वेळात मी तिचे केस विंचरतो, तोंड पुसतो, काल काय झालं ते सांगतो. त्या दीड तासात ती नडीन आहे असं म्हणायला हरकत नसते. पडदा जाड लावून बघितला, ऊन येऊच नये म्हणून. तरी ती उठते. आता उन्हाची गरज नाही तिला. थरथर सुरू झाली की मी कंगवा ठेवतो आणि बाहेर येतो. दार मी बाहेरून लावतो.

एक बाटली दुपारपर्यंत पुरत नाही. परवा फळीवरून दुसरी काढली. काल तिसरी.

मला तिला ठेवायचं होतं. राहिली. पण बाटली उतरव म्हणणारी नडीन होती, आणि हिच्या तोंडून ते एकदाही निघालेलं नाही.